थांबलंय कोण?

रावेर सेकंदाला साधारण 433 मीटर वेगाने पूर्वेकडे चाललं आहे. तासाचा हिशेब केला तर 1,560 किलोमीटर होतात. पूर्वेला बऱ्हाणपूर आहे, पण तेही त्याच चालीने पुढे सरकत असल्यामुळे दोन गावांमधलं वीस-बावीस किलोमीटरचं अंतर काही कमी होत नाही. हा आकडा खास रावेरचा आहे. विषुववृत्तावरच्या गावाला रोज पृथ्वीचा पूर्ण घेर, म्हणजे 40,000 किलोमीटर, कापावा लागतो. रावेर 21 अंश अक्षांशावर असल्याने त्याच्या वाट्याचा घेर थोडा लहान, म्हणून वेगही थोडा कमी. ऐन उत्तर ध्रुवावर उभ्या राहिलेल्या माणसाला तर काहीच अंतर कापायचं नसतं. तो दिवसभरात जागच्या जागी एक गिरकी घेतो, एवढंच.

या फिरण्याची खूण रावेरकरांच्या मनगटावर असते, फक्त तशी ती कोणी वाचत नाही. आपली घड्याळं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या 82.5 अंश रेखांशावर लावलेली आहेत. रावेर आहे 76 अंशांवर. मिर्झापूर सूर्यासमोर आल्यानंतर रावेरला तिथे पोचायला आणखी 26 मिनिटं लागतात. म्हणून घड्याळात बारा वाजले तरी रावेरच्या केळीबागांवर खरी माध्यान्ह व्हायची असते. वर्षभरात हा फरक काही मिनिटांनी पुढेमागे होतो.

विश्वात सगळंच हलतंय का, असं कोणी विचारलं तर ‘हो’ म्हणून मोकळं होता येतं. दगड, डोंगर, सूर्य, ध्रुवतारा, सगळेच हलतात. अडचण त्यानंतर सुरू होते. हलतंय ते कशाच्या मानाने? आणि इतक्या वेगाने हलत असेल तर पारावर बसलेल्या माणसाची टोपी कशी उडत नाही? हा वाद फार जुना आहे आणि त्याचा एक धागा रावेरच्याच जळगाव जिल्ह्यात सापडतो.

आर्यभटाने 499 साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, पृथ्वी फिरते असं स्पष्ट मांडलं. तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, कारण आपण पूर्वेकडे फिरतो. दाखला त्याने नावेचा दिला. नाव पुढे जाते आणि काठावरची झाडं मागे जाताना दिसतात. नंतरच्यांना हे पटलं नाही. वराहमिहिराची हरकत अशी होती, की पृथ्वी फिरत असती तर आकाशात उडालेले ससाणे आपल्या घरट्यात परत कसे आले असते? घरटं तर केव्हाच पुढे निघून गेलेलं असेल. ब्रह्मगुप्तही या मुद्द्यावर आर्यभटाच्या विरोधातच उभा राहिला. आज आपल्याला ही हरकत भोळी वाटते. तशी ती नव्हती. तिचं पक्कं उत्तर मिळायला सतरावं शतक उजाडावं लागलं.

जळगाव जिल्ह्यातला तो धागा असा: चाळीसगाव तालुक्यात, सातमाळ्याच्या डोंगराखाली पाटण आहे. पाटणादेवीच्या दर्शनाला खानदेशातून लोक जातात, पण तिथल्या शिलालेखाकडे थोडेच बघतात. शके 1128 मधला, म्हणजे 1206-07 च्या सुमाराचा हा लेख आहे. यादव राजा सिंघण याच्या पदरी असलेला ज्योतिषी चांगदेव याने तिथे एक मठ काढला, आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी. आजोबा म्हणजे भास्कराचार्य, ‘सिद्धान्तशिरोमणी’चे कर्ते. (तापी-पूर्णेच्या संगमावरच्या चांगदेव गावाशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे ते योगी चांगदेव वेगळे. हा घोटाळा सहज होतो.) लेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे आणि त्यात मठाचा खर्च चालावा म्हणून पाटणच्या बाजारातल्या मालावरचा हक्क लावून दिलेला आहे. खगोलशास्त्राची शाळा बाजाराच्या उत्पन्नावर चालत होती, हे मला त्या लेखातलं सर्वांत सुंदर कलम वाटतं.

भास्कराचार्यांचा जन्म 1114 चा आणि ‘सिद्धान्तशिरोमणी’ 1150 चा. त्यात ते पृथ्वीला स्थिर मानतात. काही बौद्ध पंडितांचं म्हणणं होतं, की आकाशात कशाचाच आधार नसल्यामुळे पृथ्वी सतत खाली पडते आहे. त्यावर भास्कराचार्यांनी दोन उत्तरं दिली. पहिलं उत्तर बाणाचं. वर सोडलेला बाण परत जमिनीवर येतो. पृथ्वी स्वतः पडत असती तर तिच्यासारख्या अवजड गोळ्याला हलका बाण गाठूच शकला नसता. दुसरं उत्तर जास्त खोल आहे. पृथ्वीच्या अंगी ओढून घेण्याची शक्ती आहे, म्हणून वस्तू तिच्याकडे येतात आणि आपण त्याला पडणं म्हणतो. पृथ्वीच्या चहूबाजूंना सारखंच आकाश आहे, तर ती पडणार तरी कुठे?

दुसरं उत्तर आजही वाचताना दाद द्यावीशी वाटते. वर-खाली या दिशा विश्वाच्या नाहीत, त्या पृथ्वीशी बांधलेल्या आहेत, हे त्यांना स्वच्छ दिसलं होतं. पहिल्या उत्तरात मात्र पाय अडकला. जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा लवकर पडते असं त्या काळी धरूनच चालत. तसं ते नाही. हवेचा अडथळा बाजूला ठेवला तर बाण, धोंडा आणि पृथ्वी सारख्याच चालीने पडतात. पृथ्वी खरोखर पडत असेल तर बाण, धनुर्धारी आणि त्याच्या पायाखालची जमीन सगळेच बरोबर पडतील आणि कुणाला पत्ताही लागणार नाही.

आणि ती खरोखर पडते आहे. सूर्याच्या ओढीने पृथ्वी दर सेकंदाला आपली सरळ वाट सोडून सूर्याकडे जवळपास 3 मिलिमीटर ढळते. त्याच सेकंदात ती बाजूला 30 किलोमीटर पुढे गेलेली असते. रावेर-बऱ्हाणपूर अंतर कापायला तिला पूर्ण सेकंदही लागत नाही. तीस किलोमीटर पुढे आणि तीन मिलिमीटर आत, असं अखंड चालू राहिलं की वर्षाची प्रदक्षिणा पूर्ण होते. ते पंडित ‘पडते’ म्हणाले तेव्हा त्यांची दिशा चुकली होती, क्रियापद बरोबर होतं.

भास्कराचार्यांच्या गणितातली गती मात्र त्यांच्या स्थिर पृथ्वीपेक्षा फार पुढची आहे. चंद्र एका दिवसात कधी 12 अंशांहून कमी सरकतो, कधी 15 अंश. तिथी नेमकी कधी संपते हे काढायचं तर आज आणि उद्याच्या जागांमधला फरक पुरत नाही, कारण मधल्या काळात चंद्राची चाल बदलत असते. म्हणून त्यांनी ‘तात्कालिकी गती’ काढली: या क्षणी वेग किती? न्यूटन आणि लायबनित्झ यांचं कलनशास्त्र यायला अजून पाच शतकं होती. जिचा मठ बाजाराच्या पैशावर चालला त्या परंपरेत क्षणाचा वेग मोजायची रीत होती, आणि गतीची अर्धी गंमत त्या क्षणाच्या वेगातच आहे.

आता टोपीचा प्रश्न. भुसावळहून खंडव्याकडे जाणारी एक्सप्रेस सावदा, निंभोरा मागे टाकत ताशी 100 किलोमीटरने निघाली आहे. डब्यात कुणी केळं सोललं, साल हातून सुटली, तर ती सरळ पायाशी पडते. मागच्या बाकावर जाऊन पडत नाही, कारण सुटण्याआधीच तिला गाडीचा वेग मिळालेला असतो. गॅलिलिओने 1632 साली हेच जहाजाच्या बंद खोलीबद्दल लिहिलं. खिडक्या लावलेल्या असतील आणि जहाज एकसारखं चाललं असेल, तर आतल्या कुठल्याही प्रयोगावरून ते चाललंय की नांगर टाकून उभं आहे हे सांगता येणार नाही. वराहमिहिराचा ससाणा घरट्यात परतला तो याच कारणाने. घरटं, झाड, हवा आणि ससाणा एकाच गाडीचे प्रवासी आहेत.

गाडीने रावेरच्या अलीकडे ब्रेक लावला की मात्र उभे असलेले सगळे पुढे झुकतात. वेग जाणवत नाही, वेगातला बदल जाणवतो. या लेखातून एकच वाक्य घरी न्यायचं असेल तर हे न्यावं.

हे झाडांनाही लागू आहे, आणि त्यासाठी रावेरसारखी प्रयोगशाळा नाही. केळ निसवली की केळफूल खाली लोंबतं. त्याचं जांभळं पान उचललं जातं तेव्हा आतल्या कोवळ्या केळ्यांची टोकं आधी खाली असतात. मग दिवसागणिक एकेक केळं वळत वर येतं आणि फणीची टोकं आभाळाकडे होतात. केळ्याला बाक आला तो यातूनच. वनस्पतींच्या काही पेशींत पिष्टाचे बारीक कण असतात. ते गुरुत्वाने पेशीच्या तळाशी बसतात, त्यावरून खाली कुठे हे झाडाला कळतं आणि वाढीची दिशा ठरते. 1806 साली थॉमस नाइट या इंग्रज बागायतदाराने रुजत घातलेल्या बिया पाण्याच्या जोरावर गरगरणाऱ्या चाकाला बांधल्या. मुळं बाहेरच्या बाजूला वाढली आणि कोंब चाकाच्या मध्याकडे. चाकाच्या फेऱ्यात सतत दिशा बदलावी लागते, म्हणजे वेगात बदल होतो, आणि बियांना तो गुरुत्वासारखाच भासला. पृथ्वीच्या 30 किलोमीटरच्या सेकंदी धावेची केळीच्या घडाला काही खबर नसते, पण चाक फिरवलं तर लगेच लागते.

हाच धागा धरून पृथ्वीचं फिरणं घरात बसून पकडता येतं. 1851 साली लेऑं फुको यांनी पॅरिसच्या पँथिऑनमध्ये 67 मीटर लांब तारेला 28 किलोचा गोळा टांगला आणि झोका दिला. झोका ज्या रेषेत होता ती रेषा तासागणिक फिरत गेली. खरं तर खालची फरशी वळत होती. पॅरिसला एक फेरा पूर्ण व्हायला 32 तासांच्या आसपास लागतात. विषुववृत्तावर रेषा अजिबात वळत नाही. रावेरच्या एखाद्या उंच जिनिंगच्या शेडमध्ये असा लंबक टांगला तर गणिताने त्याला 66 तास लागतील, पुण्याला 75. पुण्यात ‘आयुका’च्या आवारात असा लंबक आहे.

त्या लंबकाची रेषा स्थिर राहते ती कशाच्या मानाने? उत्तर येतं, दूरच्या ताऱ्यांच्या मानाने. मग लंबकाला तारे कुठे आहेत हे कसं कळतं? एकोणिसाव्या शतकात अर्न्स्ट माख यांनी सुचवलं, की कुठल्याही वस्तूचं जडत्व, आपली चाल न सोडण्याचा तिचा हट्ट, विश्वातल्या बाकी सगळ्या वस्तूंमुळे निर्माण होतो. या कल्पनेला गणिताचं रूप देणाऱ्यांत एक मराठी माणूस होता. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर आणि त्यांचे गुरू फ्रेड हॉइल यांनी 1964 साली मांडलेल्या गुरुत्वाच्या सिद्धान्तात प्रत्येक कणाचं जडत्व इतर सर्व कणांकडून येतं. विश्व रिकामं करा, उरलेल्या एकट्या कणाच्या गतीला काही अर्थच राहणार नाही. हा सिद्धान्त मुख्य प्रवाहात स्वीकारला गेला नाही. त्यामागचा प्रश्न मात्र अजून कुणी पुरता सोडवलेला नाही, आणि तो आर्यभटाच्या नावेतून उतरलेलाच प्रश्न आहे.

आकाशात एक तरी पक्की खुंटी असावी म्हणून आपण ध्रुव धरला. लग्नात वधूवरांना ध्रुवदर्शन घडवतात ते त्याच्या अढळपणासाठी. रावेरहून तो उत्तरेला, सातपुड्याच्या रांगेवर दिसतो, क्षितिजापासून 21 अंश वर. जितका गावाचा अक्षांश तितकी ध्रुवाची उंची. हात लांब करून दोन मुठी एकावर एक ठेवल्या की तिथे नजर पोचते. पण हा तारा आकाशाच्या नेमक्या ध्रुवबिंदूवर नाही, अर्ध्या अंशाहून थोडा बाजूला आहे. रोज तो त्या बिंदूभोवती पौर्णिमेच्या चंद्राच्या अडीच पट रुंदीचं एक वर्तुळ काढतो. शिवाय पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो आणि एक डुलणं पूर्ण व्हायला सुमारे 26,000 वर्षं लागतात. भास्कराचार्यांच्या काळी हाच तारा ध्रुवबिंदूपासून साधारण पाच अंश दूर होता. आणखी 12,000 वर्षांनी त्या भागात अभिजित हा तेजस्वी तारा आलेला असेल. ध्रुवपद म्हणजे फिरती खुर्ची आहे म्हणायची.

सूर्य सगळ्या ग्रहांना घेऊन आकाशगंगेच्या केंद्राभोवती सेकंदाला 220-230 किलोमीटर वेगाने फिरतो आणि एका फेरीला त्याला 22-23 कोटी वर्षं लागतात. आकाशगंगा स्वतः शेजारच्या दीर्घिकांसह आणखी कुठे ओढली जाते आहे. मग हिशेब कुठे थांबवायचा? आइन्स्टाइन यांनी 1905 मध्ये सांगितलं, की थांबवायची गरजच नाही. भौतिकशास्त्राच्या नियमांना ‘संपूर्ण स्थिर’ अशी जागा लागत नाही. तरीही एक सोयीची खूण आहे. विश्वाच्या बालपणीची सूक्ष्मलहरींची ऊब सगळ्या दिशांनी आपल्यापर्यंत पोचते. 1965 मध्ये तिचा शोध लागला. ती सिंह राशीच्या बाजूला अगदी थोडी जास्त उबदार आहे, फरक एका अंशाच्या तीन सहस्रांशांइतका. त्यावरून कळतं, की आपली सूर्यमाला त्या उबेच्या मानाने सेकंदाला 370 किलोमीटरने तिकडे चालली आहे. विश्वात कुठेतरी खुंटी ठोकायची वेळ आली तर खगोलशास्त्रज्ञ ती इथे ठोकतात. पण निसर्गाने ठोकलेली ती नाही.

इतक्या उंचावरून खाली उतरलं की पायाखालची काळी माती दिसते, आणि तीही प्रवासी निघते. खानदेशची ही माती ज्या काळ्या पाषाणापासून बनली तो लाव्हा सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी बाहेर पडला. त्या वेळी भारताचा भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, आणि ज्या तप्त ठिकाणाने हा लाव्हा ओकला असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात ते आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. रियुनियन 21 अंश दक्षिण अक्षांशावर, रावेर 21 अंश उत्तरेला. मधलं अंतर आपल्या जमिनीने केव्हा धावत, केव्हा रेंगाळत कापलं. आशियाला धडकल्यावर तिची चाल मंदावली. आजही ती वर्षाला सुमारे 5 सेंटीमीटर ईशान्येला सरकते.

त्याहून जवळची चाल पाण्याची. महाराष्ट्रातल्या मोठ्या नद्या पूर्वेला जातात, तापी मात्र खचलेल्या दरीतून पश्चिमेला खंबातच्या आखाताकडे. तिच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोटे आणि वाळूचा पट्टा आहे, त्यात मुरलेलं पावसाचं पाणी जमिनीखालून तापीच्या दिशेने सरकतं, फार तर दिवसाला काही मीटर. रावेर-यावलचे बागायतदार बोअरमधून उपसतात ते हेच सरकतं पाणी. 1615 च्या सुमारास बऱ्हाणपुरात, अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, या मंद चालीचा फायदा घेऊन कुंडी भंडारा बांधला गेला. डोंगराकडून येणारं भूजल विहिरींच्या मालिकेत धरून भुयाराने शहराकडे नेलं. मोट नाही, पंप नाही, नुसता उतार. चारशे वर्षांनंतरही त्यात पाणी आहे, आणि रावेर तालुक्यातल्या विहिरी कोरड्या पडतात. हे पाणी सरकतं तेवढ्याच गतीने भरतं, हे मोटरच्या बटणाला कळत नाही.

आता राहिला निश्चल दिसणारा दगड. मे महिन्यात रावेरला पारा 45 च्या आसपास जातो आणि पानही हलत नाही, असं आपण म्हणतो. त्या ‘बंद’ हवेतले रेणू सेकंदाला साधारण 500 मीटर वेगाने एकमेकांवर आदळत असतात, खालची जमीन पूर्वेला धावते त्याहून जलद. उष्णता म्हणजे हीच धडपड. 1827 मध्ये रॉबर्ट ब्राउन यांना सूक्ष्मदर्शकाखाली परागातले कण पाण्यात अखंड थरथरताना दिसले. 1905 मध्ये आइन्स्टाइन यांनी ती रेणूंची ढकलाढकल असल्याचं गणिताने दाखवलं. दगडातले अणू इकडून तिकडे जात नाहीत, जागच्या जागी कापत राहतात.

मग सगळी उष्णता काढून घेतली तर? उणे 273.15 अंशांवर तरी सगळं थांबेल? तिथेही नाही. पुंजभौतिकीच्या नियमाप्रमाणे कणाची जागा आणि वेग दोन्ही एकाच वेळी नेमके ठरलेले असू शकत नाहीत, त्यामुळे थोडी हालचाल शिल्लक राहतेच. हेलियममध्ये ती उघड दिसते. साध्या दाबाखाली तो कितीही थंड केला तरी गोठत नाही, द्रवच राहतो. त्याचं घन रूप मिळवायला वातावरणाच्या सुमारे 25 पट दाब द्यावा लागतो. आणि तसा घन झालेल्या हेलियममध्येही अणू स्वस्थ बसलेले नसतात.

केळ्याचंही असंच आहे. त्यातल्या पोटॅशियमचा अगदी छोटा हिस्सा किरणोत्सारी असतो, आणि एका केळ्यात दर सेकंदाला दहा-पंधरा अणुकेंद्रकं फुटतात. बहुतेक वेळा त्यातून एक इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, प्रकाशाच्या वेगाच्या बऱ्याच मोठ्या हिश्श्याने. खाणाऱ्याला त्याचा अपाय नाही. सावद्याच्या मालधक्क्यावर दिल्लीच्या गाडीची वाट बघत उभ्या असलेल्या वॅगनमध्ये लाखो केळी असतात, आणि गाडी उशिरा आली तरी त्यांचं हे काम चालूच राहतं.